सतरा नंबरचा फॉर्म

खोपोलीच्या अलीकडे, हमरस्ता सोडून पाताळगंगेकडे उतरलं की एक शाळा लागते. तिथे पौर्णिमा ओव्हाळ अकरा वर्षं मराठी शिकवत होती, आणि अकराही वर्षं तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घेतले तितक्यांचाच पगार. मे महिन्यात शाळा बंद, तर बाईही नोकरीत नाहीत. "माझं नाव मस्टरवर पेन्सिलीनं लिहिलंय," असं ती हसून सांगायची. असं हसता हसता तिची एकेचाळिशी उलटली. आता दुसरीकडे कुठे अर्ज करायचा म्हटलं तरी वयाची अट दीड वर्षावर येऊन ठेपली होती. तिला कायम करण्याचा प्रस्ताव तयार होता, नाही असं नाही. तो फक्त शिक्षण खात्याकडे धाडायचा राहिला होता. मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटात, हिरव्या फायलीत, तीन वर्षं राहिला होता.

शिकवण्यात मात्र तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. दहावीच्या पेपरात न वाचलेला उतारा येतो आणि तिथेच पोरांची गाळण उडते. पौर्णिमा सांगायची, "उतारा म्हणजे घरी आलेला अनोळखी माणूस. तो काय बोलतो ते ऐका, पण तो तुमच्याकडून काय करून घेऊ बघतोय ते आधी ओळखा." सरावाला ती पुस्तकातले उतारे कमीच घ्यायची. कर्जतच्या रस्त्यावरचे फार्महाऊसचे बोर्ड, निवडणुकीची पत्रकं, साबणाचं वेष्टन, असलं काहीबाही वहीत उतरवून आणायची.

एकदा तिनं फळ्यावर लिहिलं, 'निसर्ग तुम्हाला साद घालतोय! फक्त शेवटचे सात प्लॉट!'

"निसर्ग साद घालतोय. अलंकार कोणता?"

"चेतनगुणोक्ती!" सगळा वर्ग ओरडला.

"आणि शेवटचे सात हे कशासाठी?"

"घाई लावत्यात, बाई," मागच्या बाकावरून नम्रता म्हणाली. "माझ्या मामाच्या गावाला तो बोर्ड तीन वरसं हाय. सातचे सातच हायत."

वर्ग खो खो हसला. पौर्णिमालाही हसू आवरेना. मग तिनं फळ्याच्या कडेला सहा गोष्टी लिहून दिल्या. माणसाचं मन वळवायला लिहिणारा या सहांतलं काहीतरी वापरतोच: भीती, घाई, आपुलकी, सगळे असंच करतात, मोठ्यांचा दाखला, आणि अर्धं खरं. "शेवटचं सगळ्यात अवघड," ती म्हणाली. "खोटं लगेच सापडतं. अर्धं खरं शोधायला सगळा उतारा परत वाचावा लागतो."

नम्रतानं ते सहाही शब्द वहीत चौकट करून लिहून घेतले. मराठीत ती अशी होती. गणितात मात्र पहिल्या घटक चाचणीला तिला वीसपैकी सहा गुण पडले होते आणि इंग्रजी कसंबसं काठावर होतं.

त्या चाचणीचे निकाल लागले त्याच आठवड्यात कडव सरांनी पौर्णिमाला बोलावलं. हिरामण कडव, मुख्याध्यापक. माणूस वाईट नव्हता. परीक्षेच्या दिवशी कुणी पोर आलं नाही तर स्वतःच्या स्कूटरवर जाऊन घेऊन यायचे. त्या दिवशी त्यांनी चहा मागवला आणि एक कागद पुढे सरकवला. कागदावर नऊ नावं होती. नववं नम्रताचं.

"सतरा नंबर," सर म्हणाले.

पौर्णिमाला वेगळं सांगायची गरज नव्हती. शाळेतून दाखला काढायचा, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आणि बाहेरून परीक्षेला बसायचं. पोर नापास झालं तरी ते शाळेच्या निकालात धरलं जात नाही.

"गेल्या वर्षी आपला निकाल सत्त्याण्णव टक्के लागला," सर म्हणाले. "पलीकडच्या इंग्रजी शाळेनं शंभर टक्क्यांचा बॅनर लावला आणि आपली पाचवीची एक तुकडी गेली. तुकडी गेली की माणसं कमी होतात. आधी कोण कमी होतं ते तुम्हाला मी सांगायला नको."

"सर, पण हे मुलांना शाळेतून काढणंच झालं."

"काढतोय कुठे? परीक्षा तीच, पेपर तेच, मार्चमध्येच. आणि पालकांनी सही केली तरच. यात खोटं काही आहे का, सांगा."

खोटं काहीच नव्हतं.

सरांनी पालकांसाठी पत्राचा मसुदा केला होता. 'आपला पाल्य अभ्यासात अत्यंत कमकुवत असल्याने' अशी सुरुवात होती. तो त्यांनी स्वतःच उलटा ठेवला. "हे वाचून लोक भांडायला येतील. तुम्ही लिहा, मॅडम. तुमच्या हातात कला आहे." मग चहाचा घोट घेऊन, कपाटाकडे न बघता, ते म्हणाले, "आणि हो, दिवाळीच्या आधी तुमचा प्रस्ताव धाडून टाकू. अध्यक्षांशी बोलणं झालंय माझं."

दोन्ही वाक्यांच्या मध्ये त्यांनी 'जर' म्हटलं नाही की 'तर' म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरताना तिनं रत्नदीपला सांगितलं. तिचा नवरा कर्जत स्टेशनात कामाला. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिनं लावायच्या खात्यात. त्यानं ऐकून घेतलं आणि बूट घालता घालता म्हणाला, "तू नाही लिहिलंस तर दुसरं कुणी लिहील. वाईट लिहील इतकंच. पोरांचं व्हायचं ते चुकणार नाही." दारातून परत वळून म्हणाला, "लिहीच असं मी म्हणत नाही. पण अकरा वर्षं झाली, पौर्णिमा."

तिनं मधल्या सुट्टीनंतरच्या मोकळ्या तासाला पत्र लिहिलं, वाचनालयाच्या खोलीत. हवा कोंदट होती, पुस्तकांना बुरशीचा वास येत होता. लिहायला बसताना वाटलं होतं, शब्द सुचणार नाहीत. ते भराभर सुचले.

'तुमच्या लेकराला आम्ही पाचवीपासून ओळखतो. अलीकडे त्याच्या डोळ्यांतली धास्ती तुम्हीही पाहिली असेल. वर्गाच्या धावपळीत मागे पडलेल्या मुलाला घरच्या शांततेत, आपल्या चालीनं अभ्यास करता यावा, म्हणून शासनानेच ही वाट ठेवली आहे. आजवर अनेक मुलं या वाटेनं पुढे गेली. निर्णय सर्वस्वी तुमचा आहे. मुदत मात्र थोडी आहे.'

अर्ध्या तासात झालं. एकही शब्द खोडावा लागला नाही. तिनं ते परत वाचलं आणि तिचं तिलाच कसंसं झालं, कारण पत्र खरोखर चांगलं उतरलं होतं. फाडावं म्हणून कागद दोन्ही हातांत धरला. तेवढ्यात तासाची घंटा झाली. कागद वहीत घालून ती आठवीच्या वर्गावर गेली.

कडव सरांनी पत्र वाचून चष्मा काढला. "माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, मॅडम."

शनिवारी पालकांची सभा झाली. पौर्णिमाला दाराजवळच्या टेबलावर सह्या घ्यायला बसवलं होतं. वरच्या ठाकरवाडीतून जैतू आला होता, यादीतल्या बुधीचा बाप. चार डोंगर उतरून आलेला, पायाला चिखल. त्याला वाचता येत नव्हतं. शिपायानं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा तो मान हलवत ऐकत राहिला आणि मग टेबलाशी येऊन म्हणाला, "तुमीच लिवलाय ना, बाई?"

"हो."

"मंग चांगलाच आसंल." आणि त्यानं अंगठा पुढे केला.

शाईचा पॅड पौर्णिमानंच उघडून धरला. संध्याकाळपर्यंत नऊपैकी आठ जणांच्या संमत्या आल्या. राहिली फक्त सुंदरा, नम्रताची आई. तिची कारखान्याच्या कँटीनला पाळी होती, म्हणून पत्र नम्रतासोबत घरी धाडलं होतं.

सोमवारी शेवटचा तास संपला तरी नम्रता बाकावरून उठली नाही. वर्ग रिकामा झाल्यावर ती टेबलाशी आली.

"बाई, पत्र आलं घरी. आईनं मलाच वाचाया लावलं."

"हं."

"तुमीच लिवलंय ना?"

नाही म्हणता आलं असतं. खाली सही कडव सरांची होती. "कशावरून?" पौर्णिमानं विचारलं.

"सर 'पाल्य' लिवत्यात. ह्यात 'लेकरू' हाय." नम्रतानं घडी उलगडली. पत्रातल्या ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या, आणि समासात आकडे, एक ते सहा. "सहाच्या सहा हायत, बाई."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. पण पेपर तपासून घ्यायला यावं तशी ती उभी होती.

"अर्धं खरं लवकर घावत नव्हतं," ती पुढे म्हणाली. "मंग घावलं. 'अनेक मुलं पुढे गेली.' कुठं पुढं गेली ते लिवलंच नाय. आमच्या आळीतनं दोघं गेली सतरा नंबरनं. एकीचं लगीन लावलं, एक जन टेंपोवर जातो. परीक्षेला कुनीच बसलं नाय."

"बरोबर आहे," पौर्णिमा सवयीनं बोलून गेली, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी नापास व्हनार का, बाई?"

"गणितात होशील कदाचित."

"मंग आईला सही करू दे?"

बाहेर व्हरांड्यात कडव सरांच्या चपलांचा आवाज आला. ते खिडकीशी थांबले, आत पाहिलं, "अजून अभ्यास? छान, छान," म्हणाले आणि पुढे गेले. पौर्णिमानं पत्राची घडी करून नम्रताच्या हातात दिली. "आईची पाळी कधी सुटते?" तिनं हळूच विचारलं.

कारखान्याच्या फाटकासमोर, एसटीच्या थांब्यावर तिनं सुंदराला गाठलं. सहा वाजले होते. सुंदराच्या नखांत अजून पीठ होतं. दिवसाला चारशे पोळ्या लाटायची ती. बाई आपल्याला भेटायला आल्या म्हणून आधी तिला धसकाच बसला.

"सुंदराताई, त्या कागदावर सही करू नका," पौर्णिमा म्हणाली. "शाळा जबरदस्ती करू शकत नाही. नम्रता वर्गात राहू दे. गणितात गेली तरी बाकीचे विषय निघतील, आणि एकदोन विषय राहिले तरी अकरावीला प्रवेश मिळतो. घरी बसली तर अभ्यास सुटेल."

सुंदरानं पदरानं तोंड पुसलं. "पोरगी म्हनतीय, पत्र तुमीच लिवलंय."

"हो."

"मंग लिवलंत कशापायी?"

पौर्णिमानं रस्त्याकडे पाहिलं. ट्रक एकामागून एक घाटाकडे चालले होते. "मला कायम करणार आहेत नोकरीत. त्यासाठी."

सुंदरा एकदम म्हणाली, "म्हंजे तुमी बी कंत्राटी व्हय? आमाला वाटलं, मास्तरीनबाई म्हंजे सरकारी." आणि ती हसली. त्यात टोचणी नव्हती. "आमाला बी धा वरसं झाली कायम करत्यात."

"मी सांगितलं असं कुठे—"

"नाय वो. मी कुनाला सांगायला जातेय."

त्या रविवारी पौर्णिमा ठाकरवाडीलाही चढून गेली. वाटलं, आठांतली एक संमती तरी मागे घेता येते का पाहू. जैतूनं घोंगडी अंथरली, कोरा चहा दिला. बुधी घरात नव्हती. दाखला निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी ती कर्जतकडच्या एका रिसॉर्टवर चादरी धुवायला लागली होती, राहायला तिथेच.

"अब्यासाची पुस्तकं घेऊन गेलीय ती," जैतू म्हणाला. "तुमी लिवला व्हता ना, शांततेत व्हतो अब्यास म्हनून. तिथं लय शांत हाय."

पौर्णिमानं चहा संपवला. सांगायला आली होती ते सगळं तिनं सांगितलं, की पोरीला परत आणा, दाखला परत शाळेत भरू, मी बोलते सरांशी. जैतू ऐकत होता आणि तिच्याकडे असा बघत होता, की आठ दिवसांत बाईंचं काय फिरलं. "आता त्यांनी आगाव पैसं दिलेत," एवढंच तो म्हणाला.

कडव सरांनी एकदाही आवाज चढवला नाही. "एकच राहिली, मॅडम," ते टेबलावरच्या कागदांशी बोलल्यासारखं म्हणाले. "नम्रताच्या आईला कुणीतरी शिकवलेलं दिसतंय. असो." दिवाळी गेली. प्रस्ताव गेला नाही. अध्यक्ष बाहेरगावी होते, मग त्यांच्याकडे लग्न होतं, मग मार्च एंड आला. तिचे तास मात्र एकानंही कमी झाले नाहीत. उलट सव्वीस जानेवारीला सरांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. टाळ्या वाजत असताना पौर्णिमाला वाटलं, उठून ओरडावं. ती हात जोडून उभी राहिली आणि खाली बसली.

नम्रताच्या गणिताचं मात्र तिनं मनावर घेतलं. तिचं स्वतःचं गणित बेताचंच, म्हणून रत्नदीपला जुंपलं. सुट्टीच्या दिवशी नम्रता घरी यायची आणि रत्नदीप तिला घाटाचा चढ आणि इंजिनांची ताकद यांवरून गुणोत्तर समजवायचा. "हिला डोकं आहे," तो म्हणायचा. "पाया कुणी घातलाच नाही. आणि पौर्णिमा, तुला अकरा वर्षांची आठवण मीच करून दिली होती." हे शेवटचं तो मान खाली घालून म्हणायचा.

निकाल हल्ली मेअखेरीसच लागतो, तसा तो लागला. त्रेसष्ट पोरं बसली होती, बासष्ट पास. अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार टक्के. एकटी नम्रता नापास, गणितात, एकतीस गुण. मराठीत अठ्ठ्याऐंशी, शाळेत पहिली. सतरा नंबरवाल्या आठांपैकी तिघंच परीक्षेला बसली आणि एकच पास झालं. बुधी बसलीच नव्हती. हे आकडे कुठल्याच फळ्यावर लागले नाहीत. पौर्णिमानं घरोघर फोन करून गोळा केले.

सुंदरा पोरीला घेऊन भेटायला आली. नम्रताला खोपोलीत अकरावीला प्रवेश मिळत होता, गणित जुलैत परत द्यायचं होतं. बोलणं झालं, तरी सुंदरा उठेना.

"बाई, एक इचारू? आळीत म्हनत्यात, सगळी शाळा पास आन् हिचीच एकलीची पोर नापास. सही केली असती तर ह्ये ऐकावं लागलं नसतं. केली असती तर बरं झालं असतं का वो?"

"मला खरंच माहीत नाही, सुंदराताई," पौर्णिमा म्हणाली.

"मी अकरावीला जानार हाय, एवढं मला म्हाईत हाय," नम्रता मधेच म्हणाली आणि आईच्या हाताला धरून उठली. जुलैत तिचं गणित सुटलं. एकेचाळीस.

ऑगस्टात पौर्णिमा बोलावण्याची वाट पाहत राहिली. नाही म्हणायचं, हे तिनं ठरवून ठेवलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं. पण या खेपेला तिला कुणी बोलावलंच नाही. एका दुपारी स्टाफरूममध्ये तिचा फोन वाजला. पालकांच्या ग्रुपवर पत्र पडलं होतं. तारीख नवी, बाकी शब्दाला शब्द तेच. 'लेकरू' होतं, 'धास्ती' होती, 'मुदत मात्र थोडी आहे' होतं. खाली यादी होती; या वर्षी नावं अकरा होती.

ती तशीच कडव सरांकडे गेली. "सर, हे पत्र माझं आहे."

"शाळेचं आहे, मॅडम," सर शांतपणे म्हणाले. त्यांचा चेहरा ओढलेला दिसत होता. पलीकडच्या इंग्रजी शाळेचा बॅनर यंदा आणखी मोठा होता. "आणि प्रस्तावाचं या महिन्यात नक्की करू. तुमच्याकडे किती महिने उरलेत, माहीत आहे मला."

सहा उरले होते. ती तयार केलेलं वाक्य बोलली नाही. तास सुरू झाला होता; ती दहावीच्या वर्गावर गेली आणि फळ्याच्या कडेला सहा शब्द लिहिले.

रविवारी मात्र तिनं अकरांची यादी पर्समध्ये घातली आणि पहिल्या घराचा पत्ता विचारत निघाली. घर विठूचं होतं, घाटाच्या पायथ्याला, शेताच्या बांधालगत. विठू भाताच्या आवणीतून नुकताच आला होता. पोरगा गुरांमागे गेला होता की पोहायला, त्याला नक्की ठाऊक नव्हतं. बाईंना बघून त्यानं खुर्ची पुसली आणि बाईंनी सांगायला सुरुवात करताच हात वर केला.

"सही मी करनार हाय, बाई. उद्याच जातोय. काय झ्याक पत्र लिवलंय ह्या लोकांनी! आमच्या मंडळीच्या डोळ्याला पानी आलं."

दहा घरं अजून बाकी होती, आणि सोमवारी कडव सरांना यातलं सगळं कळणार होतं.

"दाखवा बरं," ती म्हणाली आणि खुर्ची सोडून खाली चटईवर त्याच्या शेजारी बसली. "आपण दोघं मिळून वाचू. पहिल्या ओळीपासून."

विठूनं फोन लांब धरला, डोळे बारीक केले आणि बोट फिरवत एकेक शब्द वाचला. "तुमच्या... लेकराला... आम्ही... पाचवीपासून ओळखतो."

"हे खरं आहे का?"

विठूनं बोटांवर वर्षं मोजली. चुलीपाशी बसलेली त्याची बायको आतून म्हणाली, "सातवीत घातला की वो त्याला तिथं. त्याच्या आधी जिल्हा परिषदेत व्हता."

"व्हय," विठू म्हणाला. "सातवीत." त्यानं परत फोनकडे पाहिलं. "पुढं वाचू?"